ह्यांच्या मशीनचं काय करायचं

मी, खाली सही करणारी शेवंती राघो शिगवण, वय वर्षे त्रेसष्ट, राहणार पेणकरपाडा, मीरा रोड, मूळ गाव संगमेश्वर तालुका, जिल्हा रत्नागिरी, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या घरात बसून, दिवसाउजेडी लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही, फूस लावलेली नाही, आणि नशापाणी मी जन्मात केलेलं नाही. वकीलबाई सुचेताताई म्हणाल्या, "माझं मन स्थिर आहे" असंही लिहा. ते मी लिहिणार नाही, कारण ते खोटं आहे. पण कोणाला काय द्यायचं ते मला नीट कळतं, आणि कायद्याला तेवढं पुरतं असं त्यांनीच सांगितलं.

धंदा म्हणून त्यांनी "गृहिणी" घातलं होतं. ते बदलून मी "झाडकटाईच्या कामावर खालची राखण" असं केलं आहे. माझे पती कै. राघो शिगवण झाडं कापत. वर ते आणि त्यांचे जोडीदार दशरथ मढवी, खाली मी. दोरी बांधून रस्ता अडवायचा, "भाईसाब, रुको, ऊपर काम चालू है" म्हणून बोंबलायचं, तरी घुसणाऱ्याला हाताला धरून मागे ओढायचं. संध्याकाळी घरी आलं की मशीनची चेन मांडीवर घेऊन कानसने एकेक दात घासायचा, भात शिजेपर्यंत. अख्खा संसार असा गेला. पतींना मी यापुढे "हे" असंच लिहीन. नाव घ्यायची सवय नव्हतीच.

माझ्या पोटात गाठ आहे. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, मी नको म्हटलं. माझा मुलगा निकेत म्हणतो, आई घाबरते. घाबरत नाही रे बाबा. जगून करायचं काय, एवढंच मला कळत नाही. सकाळी जाग आली की वाटतं, अरे देवा, अजून आहे मी. असलं काही मृत्युपत्रात लिहीत नाहीत हे मला समजतं, पण ताईंनी सांगितलं की शेवटी सही तुमची, तुम्हाला हवं ते लिहा.

यापूर्वी मी दुसरं कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही. माझ्या मिळकतीची व्यवस्था माझ्या पश्चात खालीलप्रमाणे व्हावी.

कलम एक. पेणकरपाड्याची खोली माझ्या एकटीच्या नावावर आहे. ती पोटमाळ्यासकट, पंख्यासकट, आणि पाण्याच्या पाइपावरून शेजारणीशी चालू असलेल्या भांडणासकट मी माझी सून रसिका निकेत शिगवण हिला देत आहे. निकेतला देत नाही. तो माझा एकुलता एक मुलगा आहे, माझा जीव आहे त्याच्यावर, आणि तरी देत नाही. कोणी का म्हणून विचारलं तर हे वाचून दाखवावं. निकेत ह्यांच्या मागे झाडं कापायला लागला आहे. चांगली गोदामातली नोकरी होती, ती सोडून लागला. उद्या त्याचं बरंवाईट झालं तर रसिका आणि माझी नात सान्वी यांच्या डोक्यावर हक्काचं छप्पर असावं.

आधी मी वेगळं लिहिणार होते. निकेतने मशीन हातात धरली नाही तर खोली त्याची, अशी अट घालणार होते. सुचेताताईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "मावशी, अट लिहून देते मी. पण तो मशीन चालवतो की नाही हे बघायला रोज कोण जाणार? तुम्ही तर नसणार." आता हे काय मला माहीत नव्हतं? पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा खरं वाटलं. मी नसणार, आणि तो रोज झाडाखाली उभा असणार. अट काढायला लावली आणि घरी आले.

कलम दोन. बँकेत माझ्या नावावर जे काही निघेल ते सान्वीच्या शिक्षणाला लावावं. ती सध्या तोंडाने मशीनचा आवाज काढत घरभर फिरते आणि खुर्चीचे पाय कापते. तिला कोणी हसू नये. तिला रागावूही नये, पण दुसरा एखादा खेळ शिकवावा.

कलम तीन. माझे कानातले आणि पाटल्या रसिकाच्या. साड्या चाळीतल्या बायकांनी आपापसात वाटून घ्याव्यात. माझी थोरली जाऊ मंदा हिच्याकडे माझ्या अंगावरचं एक चिंधूकसुद्धा जाऊ नये. हे गेले त्या दिवशी ती गावाहून आली, माझ्या गळ्यात पडली आणि बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "एवढी झाडं तोडली, झाडांनी दावा साधला." मंदाबाई, तुमच्या घराचे वासे, दरवाजा, पाट, पोळपाट कुठून आले? आकाशातून पडले? ह्यांनी झाडाची क्षमा मागितल्याशिवाय मशीनला हात लावला नाही कधी. त्या क्षमेपायीच गेले माझे. ते पुढे लिहिते. मी मेल्यावर मंदा येईलच. तिला चहा द्यावा, जेवायला वाढावं, साडी देऊ नये.

कलम चार. ~~ह्यांची झाड कापायची मशीन दशरथ मढवी यांच्या ताब्यात आहे. ती त्यांनी घोडबंदरच्या खाडीत नेऊन बुडवावी आणि निकेतला जागा सांगू नये.~~ (हे कलम मी स्वतः खोडलं आहे व शेजारी सही केली आहे. का खोडलं ते कलम सातमध्ये.)

कलम पाच. मीरा रोडच्या एका सोसायटीला मी माफ करत नाही. नाव लिहीत नाही, ताई नको म्हणाल्या. त्यांना स्वतःला माहीत आहे.

तिथे कंपाउंडच्या भिंतीवर कललेलं पर्जन्यवृक्षाचं मोठं झाड होतं. पावसाच्या आधी ते काढायचं होतं, परवानगीचा कागद आलेला होता. आमच्याकडे कामाआधी गाऱ्हाणं घालतात. ह्यांनी नेहमीसारखे बूट काढले, हातमोजे काढले, डोक्यावरचं हेल्मेट काढलं. देवापुढे टोपरं घालून कसं उभं राहायचं, असं म्हणायचे. बुंध्याशी नारळ ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि हात जोडून म्हणाले, "बा देवा म्हाराजा, ह्या झाडावर कोणाची वस्ती असेल, पाखरांची, मुंग्यांची, आणि आम्हाला दिसत नाही अशा कोणाची, त्यांनी आज दुसरीकडे बिऱ्हाड करावं. आमचा राग धरू नये. वर चढणाऱ्याच्या आणि खाली उभं राहणाऱ्याच्या केसाला धक्का लागू देऊ नको रे म्हाराजा." दशरथभाऊ आणि मी म्हटलं, "व्हय म्हाराजा!" मी अगदी मनापासून म्हटलं होतं.

मग नारळ फोडला. ताट आणलेलं नव्हतं, कधीच आणत नव्हतो. हेल्मेट उलटं केलं आणि त्यात खोबऱ्याचे तुकडे घातले. आमचं वर्षानुवर्षं हेच ताट. खाली उभ्या असलेल्यांना देऊन झालं की हेल्मेट झटकून डोक्यावर. त्या दिवशी सेक्रेटरीसाहेब म्हणाले, सगळ्या बिल्डिंगला प्रसाद गेला पाहिजे. वॉचमन हेल्मेट घेऊन लिफ्टने वर गेला. ह्यांनी बूट घातले, हातमोजे घातले आणि मशीन उचलली.

मी दोरीपाशी होते. ओरडले, "अहो, डोकं उघडं आहे!"

"अगं, येतंय ना ते खाली! तोवर ही बुडाची फांदी काढून घेतो."

हसून म्हणाले आणि हात वर केला. मशीन चालू झाली, झाड हादरलं. वर कधीची एक वाळकी फांदी दुसऱ्या फांदीत अडकून बसली होती, ती सुटली. फार मोठी नव्हती हो. माझ्या दंडाएवढी असेल.

मी ह्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते, तेवढ्यात वॉचमन लिफ्टमधून बाहेर आला. त्या बिचाऱ्याला काही ठाऊक नव्हतं. म्हणाला, "आंटी, प्रसाद सबको मिल गया. एक टुकडा बचा है." हेल्मेट त्याच्या हातात होतं. त्या पोरावर माझा राग नाही.

राग सेक्रेटरीसाहेबांवर आहे, आणि तो प्रसादाचाही नाही. ह्यांचं दहावंसुद्धा झालं नव्हतं तेव्हा त्यांचा फोन आला. मी उचलला. म्हणाले, "ताई, वाईट झालं. पण ते ओंडके कधी उचलताय? पार्किंग अडलंय." मी फोन ठेवून दिला. दशरथभाऊ गेले आणि ज्या झाडाने आपला जोडीदार नेला त्याचेच ओंडके करून टेम्पोत भरून आले. त्या दिवशी जे बोलायला हवं होतं ते मी इथे लिहिते. साहेब, तुमच्या गाडीच्या जागेवर माझा नवरा पडला होता. तुम्हाला तिथे गाडी लावताना रोज आठवण यावी.

कलम सहा. ते हेल्मेट. त्याला ओरखडासुद्धा नाही, धड आहे. निकेतने ते ह्यांच्या फोटोखाली फळीवर ठेवलं आहे आणि रोज कुंकू लावतो. स्वतः डोक्याला रुमाल बांधून कामाला जातो. मी म्हटलं, अरे मेल्या, ते पुजायचं नाही, घालायचंय. तर म्हणाला, "बाबांचं आहे आई, ते मी घालू कसं? आणि खरं सांगू, घातलं की कसंतरीच होतं." माझ्या मरणानंतर ते फळीवरून काढावं, कुंकू पुसावं आणि वापरात आणावं. त्याला घालवत नसेल तर त्याने नवीन घ्यावं आणि हे दशरथभाऊंना द्यावं. पण फळीवर ठेवू नये. गाऱ्हाणं घालायचं तर घाला, माझी ना नाही, पण एक स्टीलचं ताट घेऊन जात जा रे. माझ्या मांडणीवर चार आहेत, त्यातलं कुठलंही न्या.

कलम सात. मशीन.

हे गेल्यावर मी मशीन तांदळाच्या पिंपामागे लपवली, निकेतने शोधून काढली. तेव्हा मी दशरथभाऊंना बोलावलं आणि म्हटलं, घेऊन जा, माझ्या डोळ्यांपुढे नको, आणि काही झालं तरी निकेतला देऊ नका. भाऊ म्हणाले, "वहिनी, तुमी सांगाल तवाच देन, न्हायतर न्हाय." ते शब्दाला पक्के. निकेत घोडबंदरला त्यांच्या दारात जाऊन भांडून आला, तरी दिली नाही. घरी येऊन माझ्यावर ओरडला, "बाबांची मशीन तू परक्याला दिलीस?"

"ज्या कामाने बाप गेला ते तुला करायला देऊ काय?"

"बाबा मशीनने नाही गेले. आणि मला दुसरं काही करावंसं वाटत नाही, आई. गोदामात बसलो की श्वास कोंडतो. झाडाखाली उभा राहिलो की बाबा आजूबाजूला आहेत असं वाटतं. तू मला अडवतेस ते कळतंय, पण मी थांबणार नाहीये."

नाहीच थांबला. भाईंदरच्या जुन्या बाजारातून कुठलीशी भंगार मशीन उचलून आणली. मला वाटलं, बंद पडेल, कंटाळेल. परवा घरी आला तो शर्टाची बाही खांद्यापासून फाटलेली. रसिकाने विचारलं तर म्हणतो, "काही नाही गं, जरा उसळली." ती पोरगी मोरीत जाऊन रडली. तो अंघोळीला गेला तेव्हा मी ती मशीन उघडून पाहिली. चेनब्रेकचा दांडा तारेने बांधून ठेवला होता. मशीन उसळली की जो ब्रेक आपोआप लागून चेन थांबवतो, तोच बांधून टाकलेला. दात बोथट, चेन सैल. मी ती मांडीवर घेऊन तशीच बसून राहिले.

माझ्या अडवण्याने एवढंच झालं. काम सुटलं नाही, फक्त चांगली मशीन गेली आणि वाईट आली. मी हरले. आता माझ्यात भांडायला त्राण नाही.

म्हणून ह्यांची मशीन, दोन जादा चेनी, कानस, पाचर, मोठा हातोडा आणि ती जाड पॅंट, जी ह्यांनी "नवी आहे, मोठ्या कामाला काढू" म्हणून कपाटात घडी घालून ठेवली आणि एकदाही घातली नाही, हे सगळं मी निकेत राघो शिगवण याला देत आहे. दशरथभाऊंनी माझ्या मरणाची वाट बघू नये, आजच द्यावं. बदल्यात ती भंगार मशीन त्यांनी ताब्यात घेऊन मोडावी. खाडीत टाकायची तर तिला टाकावी.

निकेत, मी राजीखुशीने देत नाही, हे ध्यानात ठेव. पण देते आहे तर नीट ऐक. तू बाबांच्या कामावर नव्हतास, मी खाली उभी राहून सगळं बघत होते.

झाडापाशी गेलास की आधी मान वर. वाळकं काय आहे, अडकलेलं काय आहे, तारा कुठून जातात ते बघ. बघून झालं की पुन्हा बघ. झाड कुठल्या बाजूला पाडणार ते ठरव, आणि त्याच्या उलट बाजूला तिरकी पळवाट मोकळी कर, पायात दगडगोटा नको. मशीन हातात लोंबकळत ठेवून ती चालू करायची दोरी ओढत जाऊ नकोस. जमिनीवर टेकव, ब्रेक लाव, मागच्या मुठीत बुटाचा चवडा रोव, मग ओढ. दोन्ही हात मशीनवर, अंगठा मुठीखालून. खांद्याच्या वर मशीन न्यायची नाही. चेन जिच्यावरून फिरते त्या पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागू द्यायचा नाही, तुझी बाही तिथूनच फाटली आहे, मला सांगायची गरज नाही. ज्या बाजूला पडायचं त्या बाजूला खाच, मग मागून काप, आणि मध्ये थोडं लाकूड राहू दे. आरपार घालवलंस तर झाड कोणाचं ऐकत नाही. कलायला लागलं की निघ. पडताना बघत उभं राहायची हौस नको.

आडवं पडलं म्हणजे काम संपलं नाही. ओंडका दोन्ही टोकांना टेकलेला असेल तर वरून थोडं काप आणि मग खालून, नाहीतर पट्टी चिमटीत सापडते. एक टोक अधांतरी असेल तर आधी खालून, मग वरून. उतारावर ओंडक्याच्या खालच्या अंगाला उभा राहू नकोस. भुसा पिठासारखा बारीक पडायला लागला की धार गेली, थांब आणि कानस मार. धार मी करून देत होते, आता रसिकाला सांगू नकोस, स्वतः शीक. मशीन तापलेली असताना पेट्रोल भरू नकोस. आणि खाली राखण ठेवल्याशिवाय मशीन चालू करायची नाही. राखणीला असा माणूस घे जो तुझ्यावर ओरडेल, आणि तो ओरडला की हसून हात वर करू नकोस. थांब. एवढं जरी केलंस तरी पुष्कळ.

यातलं किती करशील, ठाऊक नाही. हेसुद्धा सगळं जाणत होते.

कलम आठ. हे मृत्युपत्र अंमलात आणण्याचं काम मी सुचेताताईंवर सोपवते. निकेत आणि रसिकाने त्यांच्याशी वाद घालू नये.

कलम नऊ. माझं शेवटचं. मला लाकडांवर ठेवू नये. विजेवर किंवा गॅसवर जिथे होत असेल तिथे न्यावं, लांब पडलं तरी चालेल. आमच्या धंद्यात अशी रीत आहे की आपला माणूस गेला की त्याची लाकडं वखारीतून आणायची नाहीत, जोडीदारांनी स्वतः कापून आणायची. माझ्यासाठी ही रीत मोडावी. दशरथभाऊंना वाईट वाटेल, पण त्यांनी ऐकावं.

कारण असं, की ह्यांच्या वेळी स्मशानात मी नव्हते, आमच्यात बायका जात नाहीत. तिथे काय झालं ते भाऊंनी मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं. ओंडके जाड निघाले, चितेवर नीट बसेनात. भाऊ कापायला लागले, पण त्यांना मशीन धरवेना. तेव्हा निकेतने ती त्यांच्या हातातून घेतली. माझ्या पोराने तोवर मशीनला बोटही लावलेलं नव्हतं. ओला पंचा नेसलेला, अनवाणी, उघड्या डोक्याचा उभा राहिला आणि बापाची लाकडं बापाच्या मशीनने एकट्याने कापली. कोणाला अडवायचा धीर झाला नाही. सगळी कापून झाली तरी म्हणे तो मशीन खाली ठेवेना.

तेव्हापासून त्याने मशीन ठेवलेली नाही, बापाची नाही तर भंगारातली. मी गेल्यावर तो पुन्हा तसाच उभा राहील, रडत असेल, डोळ्यांना नीट दिसत नसेल, आणि हातात मशीन असेल. माझ्यासाठी त्याला एकही ओंडका कापायला लावू नका.

हे सर्व मी लिहून पुन्हा वाचलं. जे लिहिलं तेच मला म्हणायचं होतं. खाली नाव असलेल्या दोघांच्या देखत मी सही करत आहे, त्यांनी माझ्या देखत केली आहे. दोघांपैकी कोणालाही या मृत्युपत्राने काही मिळकत मिळत नाही. कलम सहामधलं हेल्मेट निकेतने नवीन घेतलं तरच दशरथभाऊंकडे जायचं होतं, पण ताई म्हणाल्या की साक्षीदाराला काही न दिलेलं बरं, उद्या कोणी शंका काढेल. तेव्हा तेवढं वाक्य रद्द समजावं. हेल्मेट निकेतचंच. त्याला घालावंच लागेल.

सही: शेवंती राघो शिगवण

साक्षीदार:
१. सुचेता पेंडुरकर, वकील, मीरा रोड (सही)
२. दशरथ बाळू मढवी, घोडबंदर (सही)

ठिकाण: पेणकरपाडा, मीरा रोड
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५